तीस फूट खालून दिसलेले बाबांचे पाय

थांबा, बाकी सगळं बाजूला ठेवा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. परवा आम्ही परत आलो, बॅगा अजून हॉलमध्ये तशाच पडल्यात, एकीतून वाळू गळतेय, आणि मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्यूटवर बसून हे टाइप करतेय. आज नाही लिहिलं तर बाबांचं व्हर्जन फायनल होईल. काल रात्रीपासून ते भारतात सगळ्यांना फोन करून सांगतायत, "मस्त ट्रिप झाली, जरा पाणी ओढत होतं तेवढंच." जरा! मी खाली होते, मी पाहिलंय.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर कळणार नाही.

मी अमेरिकेत मॉरिसव्हिलला राहते, टेस्टिंगचं काम करते, एकटी राहते. मागच्या वर्षी मला स्कूबाचं वेड लागलं. शिकले कुठे, तर एका जुन्या दगडखाणीत. खाणीत पाणी भरलंय, तळाशी मुद्दाम एक पिवळी स्कूलबस बुडवून ठेवलीय, आणि आपण त्या गार हिरव्या पाण्यात थरथर कापत बसच्या खिडकीतून आत-बाहेर करायचं. तेवढ्यावर मला सर्टिफिकेट मिळालं. पण मला बस नको होती यार. मला ते हवं होतं जे व्हिडिओत बघत होते: निळंशार लगून, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीआडचा उथळ समुद्र, आणि त्याच्या तळाशी महायुद्धात बुडालेली जहाजं, त्यांच्यावर कोरल उगवलेलं, आतून मासे फिरतायत.

पण माझा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला. ज्यांना माहितीय त्यांना माहितीय. अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं की परत यायला स्टॅम्पिंग, आणि स्टॅम्पिंगच्या तारखा म्हणजे... जाऊ दे. म्हणून मी असं लगून शोधत होते जे ट्रॉपिकल पण असेल आणि अमेरिकेतच असेल. आणि सापडलं! सायपान. नकाशात जपानच्या खाली, समुद्रात सांडलेल्या मोहरीएवढं, पण अमेरिकेचं. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, "अगं वेडी, ते मुंबईला जाण्याइतकंच लांब आहे." म्हटलं असू दे, डोमेस्टिक आहे ना!

त्यात आई-बाबा आलेले होते सहा महिन्यांसाठी. बाबांचं गावी हार्डवेअरचं दुकान होतं, आता चुलतभाऊ बघतो. इथे आल्यावर पहिल्या पंधरवड्यात बाबांनी माझ्या टाउनहाउसमधला प्रत्येक स्क्रू आवळला, प्रत्येक बिजागरीला तेल घातलं, आणि मग दिवसभर खिडकीत बसून समोरच्याच्या गवत कापायच्या मशीनवर कॉमेंट्री. आई म्हणाली, "यांना कुठेतरी घेऊन जा बाई, नाहीतर हे शेजाऱ्यांचे स्क्रू आवळायला जातील." मग काय, तिघांची तिकिटं काढली.

विमानं बदलत बदलत, आईच्या दशम्या आणि लसणाची चटणी खात खात, आम्ही एकदाचे पोचलो. तिकडची हवा अगदी रत्नागिरीसारखी! दमट, नारळ, कोंबड्या रस्त्यावर. बाबा एअरपोर्टबाहेर आले आणि म्हणाले, "हे अमेरिका आहे? मग इथेच का नाही राहत तू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट. छोटीशीच, वर ताडपत्री, मागे दोन इंजिनं. बोटीवर एक म्हातारासा कॅप्टन, गळ्यात शिट्टी. एक गाइड बाई, तिथलीच, पन्नाशीची, जाड वेणी, आवाज एकदम खणखणीत. टेक्सासचं एक जोडपं, तेही डाइव्ह करणारं. आणि आम्ही तिघं. मी डाइव्ह करणार, बाबा नुसते वरून पोहत गॉगल लावून बघणार, आई बोटीत बसणार, असं ठरलेलं.

आईचं बोटीत पाय ठेवल्यापासून तोंड उतरलेलं. पर्समधून आवळासुपारी काढली आणि मला म्हणाली, "आता तुझ्यासाठी स्थळ आलं तर काय सांगू मी? मुलगी काय करते, तर समुद्राच्या तळाशी असते?"

"सांग, खूप खोल विचारांची आहे," बाबा म्हणाले. आणि मला, "काय पाणबुड्या, ऑक्सिजन भरून घेतलास ना?"

"बाबा, साधी हवा असते त्यात."

"साधी हवा विकतात? धन्य आहे तुमची."

मग गाइडने सगळ्यांना समजावलं. जहाज तीस फुटांवर आहे. जपानी मालवाहू जहाज, युद्धात बॉम्ब पडून बुडालं. आत्ता पाणी शांत आहे, पण थोड्या वेळाने ओहोटी लागेल, आणि ओहोटी लागली की लगूनचं पाणी तिकडच्या खिंडीतून बाहेर जातं, खुल्या समुद्रात. म्हणून वरून बघणाऱ्यांनी लाइफ जॅकेट काढायचं नाही, आणि बोटीच्या मागे हा जो लांब दोर सोडलाय, टोकाला पिवळा डबा बांधलेला, तो सोडायचा नाही.

मी बाबांना मराठीत सांगितलं. बाबांनी दोर हातात घेऊन चोळून बघितला. "नायलॉन. बारा एमएम. चांगलाय."

"बाबा, चांगला आहे का ते नाही विचारलं. सोडायचा नाही."

"अगं मी काय लहान आहे? तळ दिसत नव्हता अशा विहिरीत पोहतोय मी चौथीपासून."

हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. बाबांची विहीर. मळ्यातली, दगडी, पाठीला पत्र्याचा डबा बांधून आजोबांनी वरून ढकललं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीअखेर बाबा सूर मारत होते. मलाही त्यांनीच शिकवलं त्याच विहिरीत. खरंच, बाबांसारखं पोहताना मी कुणाला पाहिलेलं नाही. साठी ओलांडली तरी तासभर पाण्यात राहतात. आई त्या वेळी फक्त एवढंच म्हणाली, "अहो, तुमची विहीर तिथे, हा समुद्र आहे."

"पाणी तेच की गं."

आणि खरं सांगू, मलाही ते पटलं! आमच्या घरात कुणालाच वेगळं वाटण्याचं कारण नव्हतं. आम्ही सगळे विहिरीचे. विहिरीतलं पाणी खोल असतं, गार असतं, त्यात साप असतो, सगळं असतं, पण ते कुठे जात नाही. तुम्ही हातपाय थांबवले तर जिथे आहात तिथेच असता. पाणी आपल्याला उचलून घेऊन जाईल ही गोष्टच बाबांच्या पोहण्यात नव्हती.

मी पाठीवर सिलिंडर चढवला, तोंडात ते श्वासाचं रबर धरलं, आणि मागच्या मागे पाण्यात पडले, पाठोपाठ गाइड आणि टेक्सासचे दोघं. आणि मग, अरे देवा, काय सांगू! खाणीतलं हिरवं पाणी कुठे आणि हे कुठे! तीस फूट खाली ऊन पोचलेलं. खाली बघितलं आणि जहाज होतं. मला वाटलेलं उभं असेल, चित्रातल्यासारखं. तसं नव्हतं. कुशीवर आडवं पडलेलं, पोट फाटलेलं, लोखंडाच्या फासळ्या वर आलेल्या. बॉयलर एका बाजूला घरंगळलेला, आमच्या किचनएवढा. त्याच्या भोकातून पिवळे मासे ये-जा करत होते, जसं काही त्यांचं ऑफिस आहे. मी हात लावला नाही, हात लावायचा नसतो. पण इतक्या जवळ गेले की गंजाचे पापुद्रे दिसत होते. मघाशी बोटीत मी गाइडला विचारलेलं, आत माणसं होती का. ती म्हणाली, असतील. बस, एवढंच.

मी वर बघितलं. हे मला फार आवडतं, खालून वर बघणं. पाण्याचं छत चमकत असतं, आणि त्यावर बोटीचं पोट काळं दिसतं. बोटीच्या मागे दोराची रेघ. आणि रेघेपाशी बाबांचे पाय!

लगेच ओळखले. मी घेऊन दिलेली जास्वंदीच्या फुलांची बर्म्युडा, तिच्याखाली गोऱ्या पोटऱ्या, आणि ते बेडकासारखं पाय मारणं. तेवढ्यात बाबांनी काय करावं? सूर मारला! डोकं खाली, पाय वर, सरळ आमच्याकडे. दहा-बारा फूट आले असतील खाली, गाल फुगवलेले, मला शोधलं, आणि हात केला. मीही हात केला. मला इतका आनंद झाला की तोंडातल्या रबरातून हसले आणि खारट पाणी आत गेलं. बाबा जहाज बघत होते! माझे बाबा, जे माझ्याकडे येईपर्यंत कधी मुंबईच्या पुढे गेले नव्हते, ते महायुद्धातलं जहाज बघत होते!

आणि मग लक्षात आलं की सूर मारला म्हणजे जॅकेट नाहीये अंगात. जॅकेट घालून खाली येताच येत नाही. (नंतर कळलं, त्यांनी ते बोटीच्या शिडीला टांगून ठेवलं होतं. "ते घालून पोहता येत नाही, नुसतं तरंगता येतं," इति बाबा. कॅप्टन तेव्हा आईला उलटी होतेय म्हणून तिच्यापाशी होता.)

बाबा वर गेले, श्वास घेतला, परत खाली आले. परत हात केला. पण या वेळी ते मघाच्या जागी नव्हते. मघाशी बॉयलरच्या वर होते, आता जहाजाच्या नाकाच्या वर. मला वाटलं, फिरून बघतायत. तिसऱ्यांदा खाली आले ते जहाजाच्याही पुढे, जिथे नुसती वाळू आहे. आणि या वेळी हात नाही केला. खाली बघितलं, जहाज नव्हतं, इकडे तिकडे मान वळवली, आणि घाईघाईने वर गेले.

खाली जहाजाच्या आडोशाला आम्हाला काही जाणवत नव्हतं. पण मी मान वळवली आणि बघितलं तर वाळूवरचं बारीक गवत सगळं एका दिशेला झोपलेलं. ओहोटी लागली होती. आणि बाबांच्या हातात दोर नव्हता. दोर बोटीमागे होता, पिवळा डबा ताणून उभा, आणि बाबांचे पाय त्याच्या कितीतरी पलीकडे.

मी ओरडले. म्हणजे ओरडायला गेले. तोंडात रबर, ओरडण्याचे नुसते बुडबुडे झाले.

आता हे समजून घ्या प्लीज, कारण हे मी कुणाला नीट सांगूच शकत नाहीये. ते मला दिसत होते. अगदी स्वच्छ दिसत होते, मधे नुसतं पाणी, काचेसारखं. ते बोटीकडे तोंड करून पोहत होते, सगळी ताकद लावून, बेडकासारखे पाय, एक-दोन, एक-दोन, किती सुंदर स्ट्रोक, आणि तरी ते मागे मागे जात होते. मागे! जिममधल्या त्या चालायच्या पट्ट्याचा वेग वाढला की माणूस चालत असूनही मागे जातो तसं. आणि पाणी तिकडे निळं होत जात होतं, त्या खिंडीच्या दिशेला.

मी गाइडचा हात धरला आणि वर बोट केलं. तिने मला बोटांचा गोल करून विचारलं, ओके? मी हात हलवला, नाही नाही नाही. ती माझ्या मीटरकडे बघायला लागली, हवा आहे का. हवा भरपूर होती! कान दुखतायत का अशी खूण केली. नाही! आम्हाला खाणीत किती खुणा शिकवलेल्या. हवा संपली, कान दुखतो, शार्क, कासव, वर जाऊ, खाली जाऊ. सगळ्या आठवत होत्या. "माझे बाबा" अशी खूणच नाहीये. मी दोन्ही हातांनी पोहण्याची ॲक्शन केली, मग पोटावर हात ठेवला, मिशी दाखवली, काय काय केलं. तिला वाटलं ही घाबरली, हिला पॅनिक ॲटॅक आलाय. तिने माझे दोन्ही दंड धरले, माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि हळू श्वास घे, हळू, असं हाताने दाखवत राहिली. कित्ती शांतपणे! आणि तिच्या डोक्याच्या मागे बाबांचे पाय लहान होत चाललेले.

शेवटी मी तिचं डोकंच धरून वळवलं.

तिने पाहिलं आणि तिला क्षणात कळलं. तिने अंगठा वर केला, म्हणजे वर जायचं. मी उसळलेच! आणि तिने माझा सिलिंडर पकडला आणि मला खाली खेचलं. हळू. आपल्याच सर्वांत बारीक बुडबुड्यापेक्षा हळू वर जायचं असतं, नाहीतर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं. पहिल्याच दिवशी शिकवतात हे. मला माहीत होतं. मला सगळं माहीत होतं! पण वर बाबा वाहून चाललेत आणि मी एका बुडबुड्याच्या मागे लिफ्टसारखी हळूहळू वर सरकतेय, आणि एक बाई मला मागून धरून आहे, श्वास सोड, सोडत राहा, श्वास रोखू नको. मी रडत होते. मास्कच्या आत रडता येतं, पुसता येत नाही.

वर आले आणि काहीच दिसेना. खालून सगळं दिसत होतं, वर लाटांच्या मधे मी, समोर फक्त पाणी वरखाली. तोंडातलं काढून फेकलं आणि "बाबा!" म्हणून ओरडले. वारा सरळ तोंडावर. माझा आवाज मलाच परत आला.

बोटीवरून आई ओरडत होती. "अहो! अहो! अहो, मागे फिरा!" पदराचं ओलं टोक हातात, एक हात ताडपत्रीच्या खांबाला, उलटीने चेहरा पांढरा. कॅप्टन रेडिओवर बोलत होता. गाइडने मला शिडीपाशी ओढलं, पायातले फिन काढले. मी वर चढले तेव्हा कॅप्टन आईला विचारत होता, "नेम? मॅम, हिज नेम?" आणि आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू सांग ना गं."

लग्नाच्या तेहतीस वर्षांत तिने कधी ते नाव घेतलेलं नाही. समुद्रावरही नाही आलं तोंडातून. मी सांगितलं. कॅप्टनने ते रेडिओत कसंतरीच उच्चारलं, आणि आई परत सुरू झाली, अहो, अहो.

बोटीवरून दिसत होतं. एक काळा ठिपका. कधी दिसायचा, कधी नाही. त्याच्या पलीकडे पांढरी रेघ, जिथे लाटा फुटत होत्या.

"चला ना!" मी कॅप्टनला म्हटलं. "व्हाय आर वी नॉट गोइंग? बोट सुरू करा!"

त्याने मान हलवली. टेक्सासचे दोघं अजून खाली होते. खाली माणसं असताना बोटीचा पंखा फिरवता येत नाही. कुठे वर येतील काय सांगावं, कापले जातील. तो लोखंडी पान्याने शिडीवर ठण ठण ठण वाजवत होता, ते ऐकून खालचे वर येतात म्हणे. गाइड परत खाली गेली होती त्यांना आणायला. मला सगळं कळत होतं. प्रत्येक गोष्ट बरोबर होती! कुणी काही चुकीचं करत नव्हतं, आणि ठिपका लहान होत होता.

मी म्हटलं, मी जाते पोहत. अंगातून सिलिंडर काढायला लागले. कॅप्टनने माझा पट्टा धरला. तो काही मोठ्याने बोलला नाही. म्हणाला, मग मला दोन ठिपके शोधावे लागतील.

मी खाली बसले. आईने माझा हात धरला, आणि आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो. पान्याचा ठण ठण आवाज. मला इतकी वर्षं वाटत आलंय की काहीही झालं तरी काहीतरी करता येतं. फोन करू, गूगल करू, कुणाला तरी मेसेज टाकू, लॉग बघू, फिक्स करू. माझं कामच ते आहे यार. आणि मी ओली, अनवाणी, एका बोटीत बसले होते जिची दोन्ही इंजिनं धडधाकट होती पण जी हलू शकत नव्हती.

आई हळूच म्हणाली, "दिसतायत का गं?"

"हो."

खरं तर तेव्हा दिसत नव्हते.

मग रेडिओवर कुणीतरी बोललं. तिकडच्या बाजूला एक पॅराशूटवाली बोट फिरत होती, ती नाही का, माणसांना पॅराशूटला बांधून बोटीमागे हवेत उडवतात. लाल-पिवळं पॅराशूट, खाली दोन कोरियन मुली लटकलेल्या. त्या मुलींनी वरून बघितलं! त्यांना उंचावरून पाण्यात डोकं दिसलं. त्यांनी ओरडून, हातवारे करून बोटवाल्याला दाखवलं. आम्हाला एवढंच दिसलं, की ते पॅराशूट अचानक वळलं आणि खाली खाली यायला लागलं. मग ती बोट थांबली. मग रेडिओत आवाज आला, आणि कॅप्टनने पाना खाली ठेवला.

"दे गॉट हिम," तो म्हणाला.

आईला कळलं नाही. "काय म्हणतोय? काय म्हणतोय तो?" मला सांगता येईना. नुसती मान हलवत राहिले, आणि ती माझ्या मानेकडे बघून अजूनच घाबरली.

बाबांना आमच्या बोटीत आणलं तेव्हा ते स्वतःच्या पायांवर चढले. कुणाचा हात घेतला नाही. ओठ निळे, डोळे लाल, पण हात घेतला नाही. बसले. खूप खोकले. बरंच पाणी उलटून पडलं. त्या कोरियन मुली पलीकडच्या बोटीतून टाळ्या वाजवत होत्या, आणि बाबांनी त्यांच्याकडे बघून नमस्कार केला, दोन्ही हात जोडून, भाषण संपल्यावर करतात तसा.

मग म्हणाले, "मी येतच होतो. उगाच त्यांना त्रास दिलात."

मला वाटलं आई आता फाडून खाईल. पण तिने टॉवेल घेतला आणि त्यांचं डोकं पुसायला लागली, खसाखसा, लहान मुलाचं पुसतात तसं. बाबा म्हणाले, "अगं हळू, केस आहेत किती." तरी ती पुसतच राहिली. टेक्सासचे दोघं वर आले होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं, ते कासव दिसलं म्हणून खूश होते. त्यातल्या बाईने मला विचारलं, तुला दिसलं का कासव? मी म्हटलं, नो.

धक्क्यावर उतरलो. आई बाथरूमला गेली. बाबा आणि मी एका सिमेंटच्या बाकावर बसलो होतो, त्यांच्या खांद्यावर टॉवेल, माझ्या अंगात अजून तो रबरी सूट. समोर लगून, एकदम गुळगुळीत, खेळण्यातलं वाटावं असं. बाबांचे हात मांडीवर होते आणि थरथरत होते, आणि ते त्यांच्याकडे असं बघत होते जसं कुणा दुसऱ्याचे आहेत. एका हाताने दुसरा धरला. तरी थांबेनात.

मला ओरडायचं होतं. तुम्हाला सांगितलं होतं ना दोर सोडू नका! पण त्या हातांकडे बघून ते निघेना.

मग त्यांनी विचारलं, "तू खालून बघत होतीस?"

"हो."

"सगळं?"

"हो बाबा. तुमचे पाय दिसत होते. शेवटपर्यंत."

त्यांनी मान डोलावली. परत समुद्राकडे बघितलं. मग एकदम साध्या आवाजात म्हणाले, रागाने नाही, तक्रार पण नाही, "मग हाक का नाही मारलीस गं? मी कान देऊन होतो."

मी सांगितलं. म्हटलं, बाबा, पाण्याखाली बोलताच येत नाही. तोंडात ते असतं, काढलं तर पाणी जातं आत. मी ओरडले पण ते बुडबुडेच झाले. त्यांनी ऐकून घेतलं. "हां, ते बरोबर आहे," म्हणाले. पण मला कळलं की त्यांना पटलं नाहीये. म्हणजे डोक्याला पटलंय. पण तिकडे एकटे पोहताना त्यांना नक्की वाटत होतं की मुलगी खाली आहे, तिने बघितलंय, आता ती हाक मारेल. आणि हाक आली नाही. ते आता मी काहीही सांगितलं तरी तसंच राहणार.

मीटिंग संपली बहुतेक, सगळे गेलेत, मी एकटीच आहे कॉलवर. बाबा आत झोपलेत. झोपेत पाय हलतायत की काय बघायला मी दोनदा जाऊन आले, वेडीच आहे मी.

तुम्हाला झालंय का असं कधी? पाण्यातच असं नाही, कुठेही. आपलं माणूस समोर आहे, स्वच्छ दिसतंय, चाललंय आपल्यापासून लांब, आणि आपल्या तोंडातून आवाजच निघू शकत नाहीये. आणि नंतर त्या माणसाने विचारलंय, हाक का नाही मारलीस? मला सांगा ना प्लीज. तुम्ही काय उत्तर दिलंत?